चार नंबरच्या खोलीतले नाकमास्तर

आजच्या या निरोप समारंभाचं अध्यक्षपद भूषवणारे आपल्या कारखान्याचे सन्माननीय संचालक साहेब, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, कामगार संघटनेचे चिटणीस, ज्यांच्या प्रेमाखातर आपण सगळे इथं जमलो आहोत त्या आपल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणजेच तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या ताई, त्यांचे यजमान, त्यांची कन्या, आणि समोर बसलेल्या माझ्या जुन्या-नव्या सहकारी बंधू-भगिनींनो,

आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेल्या वहिनी. तुमचं नाव कार्यक्रमपत्रिकेत नाही. पण आज मी जे बोलणार आहे ते तुमच्या सांगण्यावरून, म्हणून तुम्हाला वेगळा नमस्कार. वहिनी कोण, ते ओघात येईलच.

मला दहा मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी मघाशी कानात सांगितलं, "सर, दहाची बारा झाली तरी चालतील." निवृत्त माणसाच्या हातात माइक देण्यातला धोका त्यांना पुरता ठाऊक दिसतो.

पाहुणे बाहेरचे आहेत, म्हणून आमचा धंदा थोडक्यात सांगतो. रसाचे कारखाने फळं पिळतात आणि उरलेला चोथा आमच्याकडे पाठवतात. त्यात आम्ही भाताचा कोंडा मिसळतो, दाणे काढलेली मक्याची कणसं दळून घालतो. लोक ज्याला कचरा म्हणतात ते आमचं भांडवल. हे सगळं वाफेवर शिजवायचं, निववायचं आणि त्यावर काळी बुरशी पेरायची. बुरशी त्यातली साखर खाते आणि चार-पाच दिवसांत सगळं आंबट करून टाकते. ते आंबट गरम पाण्यानं धुऊन घ्यायचं, चुना घालून वेगळं काढायचं, आणि शेवटी हातात येतात पांढरेशुभ्र स्फटिक. सायट्रिक आम्ल. सरबतात, गोळ्यांत, मुरंब्यात, खोकल्याच्या औषधात. पाहुणे, आत्ता तुमच्यासमोर जी थंड पेयाची बाटली आहे, तिच्यातसुद्धा आम्हीच आहोत.

या बुरशीचा स्वभाव मोठा विचित्र. सुखात असली की ती फक्त वाढते, आम्ल करत नाही. साखर भरपूर, पण लोखंड आणि मँगनीज जेमतेम, अशी तिची अडवणूक केली की मग ती बिथरून आम्ल सोडू लागते. हे आमच्या इंजिनिअरांना पुस्तकात वाचून माहीत होतं. ताईंना तोंडपाठ होतं, स्वतःच्या घरातल्या माणसाच्या खोडी असाव्यात तसं.

एका वर्षी सलग तीन आठवडे आमचे घाणे फसले. बुरशी फोफावायची, आम्ल थेंबभर. आम्ही पाणी तपासलं, वाफ तपासली, चोथा पाठवणाऱ्यांशी भांडून झालं. एका सकाळी ताई धुलाईच्या जागी स्टूल टाकून तासभर बसल्या. मग उठल्या, प्रयोगशाळेतून लोहचुंबक आणला आणि धुतलेल्या ट्रेवरून फिरवला. चुंबकाला केसासारख्या बारीक तारा चिकटून आल्या. ट्रे लवकर निघावेत म्हणून कुणीतरी तारेची घासणी आणली होती. ताई म्हणाल्या, "साहेब, तीन आठवडे तुम्ही तिला लोखंडाचं टॉनिक पाजताय आणि वर विचारताय, ही कामाला का लागत नाही."

हसा, हसा. पुढं हसायला फारसं नाही.

चौतीस वर्षं ताईंनी ही बुरशी जिवंत ठेवली. काचेच्या नळीत, बटाट्याच्या अर्काच्या थरावर. दर तीन महिन्यांनी जुन्या नळीतून नव्या नळीत. एक पाळी चुकली की पिढ्यान्‌पिढ्यांची जात संपली. त्यांची ही लेक ज्या दिवशी जन्मली, त्याच्या आदल्या सकाळी ताई नळ्या बदलत होत्या. मी म्हटलं, "अहो, घरी जा." तर म्हणाल्या, "हिचं झालं की जाते."

आता ज्या गोष्टीसाठी मी उभा आहे, तिकडे येतो.

आज आपल्याकडे स्टीलच्या उंच टाक्या आहेत. बटणं दाबणारी मुलं-मुली तिथं कोट घालून बसतात. एकोणीस वर्षांपूर्वी टाक्या नव्हत्या. सहा खोल्या होत्या, उबदार, दमट, बिनखिडक्यांच्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत मांडण्या आणि मांडण्यांवर ट्रे. मी उत्पादनप्रमुख होतो. आणि त्या खोल्यांचा खरा मालक होता एक कामगार. त्यांना आम्ही नाकमास्तर म्हणत असू.

ट्रे पिकला की तो पांढरा असतो, मऊ सायीसारखा. तेव्हाच तो काढावा लागतो. अर्धा दिवस उशीर झाला की बुरशी आपणच केलेलं आम्ल खाऊ लागते, काळी पडते आणि काळी पूड उडवते. ती पूड म्हणजे तिचं बी. प्रयोगशाळेत नमुना तपासायला चार तास लागायचे. मास्तरांना चार पावलं लागायची. ते मांडण्यांमधून चालत जायचे, हात मागे बांधलेले, मान थोडी पुढे, आणि बोलत जायचे, "तीन काढा. सात काढा. अकरा उद्या." एकदा मी विचारलं, "मास्तर, पिकलेल्याचा वास असतो तरी कसा?" ते म्हणाले, "आधी ओल्या पाटीसारखा येतो साहेब, मग पावासारखा. आणि मग एकदम काहीच येत नाही. वास थांबला की काढायचा."

बोलके होते, खोडकर होते. माझ्या डब्यात काय आहे ते दारातून सांगायचे. पण ऐन विशीत त्यांना क्षय झाला होता. पूर्ण बरा झाला, मात्र उजव्या फुप्फुसात वरच्या अंगाला एक पोकळी राहिली. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. नोकरीच्या अर्जात स्वतःच्या हातानं लिहिली. त्या अर्जावर 'वाचले' म्हणून सही आहे, ती माझी.

त्या वर्षी ताईंनी बुरशीची एक नवी जात तयार केली. दीडपट आम्ल द्यायची. आमचा आनंद गगनात मावेना. पण पहिला घाणा टाकायच्या आधी ताई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, ही लवकर काळी पडते. आणि उडते फार. ही लावणार त्या चार नंबरच्या खोलीत मास्कशिवाय कुणाला जाऊ देऊ नका. मास्तरांना तर मास्क लावूनही नको. त्यांना चुन्याच्या विभागात टाका."

मी म्हटलं, "एवढा मोसम जाऊ दे ताई. त्यांच्यासारखं नाक दुसरं कुठून आणू?"

मास्क आणले. चांगले, जाड. पंधरा दिवसांत दोन घाणे काळे पडले. मी तणतणत चार नंबरच्या दाराशी गेलो. मास्तर बाहेर आले. म्हणाले, "साहेब, यातून काही कळत नाही. नाकावर उशी दाबल्यासारखं होतं."

आणि मी जे बोललो ते शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत. मी म्हटलं, "मग खाली ओढा की. दोन मिनिटांचं तर काम. वास घ्या आणि परत लावा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणताय ना?"

"हो, मी म्हणतोय."

त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला आणि आत गेले. दुसऱ्या दिवसापासून मला सांगावंसुद्धा लागलं नाही. रोज सकाळी दाराशी यायचे, मी समोर असलो तर माझ्याकडे बघून हलकेच हसायचे, मास्क खाली करायचे आणि काळ्या धुरळ्यात शिरायचे. पाच महिने. एकही घाणा वाया गेला नाही. त्या वर्षीच्या उत्पादनाचा आकडा या सभागृहाच्या मागच्या भिंतीवर बरेच दिवस फ्रेम करून लावला होता. जुन्या लोकांना आठवत असेल.

खोकला सुरू झाला. रुमालावर काळे ठिपके, मग एक दिवस लाल. एका सकाळी ते दाराशीच थांबले. म्हणाले, "साहेब, आज वासच येत नाही कशाचा." मी म्हटलं, "सर्दी झाली असेल." त्यानंतर अकराव्या दिवशी, भर दुपारी, रुग्णालयात त्यांच्या छातीतून रक्त आलं ते थांबलंच नाही. वय चव्वेचाळीस.

तिसऱ्या रांगेतल्या वहिनी या त्यांच्या पत्नी.

अध्यक्ष महाराज, तुम्ही घड्याळाकडे पाहताय हे मला दिसतंय. मी संपवणार आहे, पण अर्धवट नाही.

मास्तर आजारी असताना डॉक्टरांनी त्यांच्या छातीतून नमुना घेतला होता. त्या जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढला होता. डॉक्टरांनी त्यातली थोडी नळीत वाढवली आणि ओळख पटवायला आपल्याच प्रयोगशाळेकडे पाठवली, कारण बुरशीची जाण असलेलं दुसरं कुणी जवळपास नव्हतं. ताईंनी ती पसरट काचेत लावली. पाचव्या दिवशी मला आत बोलावलं, दार लावलं आणि काच माझ्यापुढे ठेवली. मधे काळी, कडेला पिवळसर झालर, मागच्या बाजूनं किरणांसारख्या सुरकुत्या. ताई म्हणाल्या, "साहेब, ही आपली. मीच काढलेली. मी हिला ओळखते."

आणखी एक गोष्ट होती. ही बुरशी शिस्तीत ठेवली तर सायट्रिक आम्ल देते. शिस्त सुटली तर दुसरं एक करते, ऑक्झॅलिक, ते विषारी. त्याचे बारीक सुयांसारखे स्फटिक होतात. मृत्यूनंतरच्या तपासणीत डॉक्टरांना मास्तरांच्या फुप्फुसात ते स्फटिक सापडले. म्हणजे ती तिथंही थांबली नव्हती. आम्ही तिला आम्ल करायचं जे काम लावलं होतं, तेच ती त्यांच्या छातीत बसून करत होती.

ही आपलीच जात, असा अहवाल ताईंनी लिहिला होता. मी त्याचं काय केलं? मी ताईंना म्हटलं, "अहो, ही बुरशी कुठं नसते? कांद्यावर असते, शिळ्या पावावर असते. त्यांच्या स्वयंपाकघरातून गेली नसेल कशावरून?" तासभर बोललो. कारखाना बंद पडेल म्हणालो, दोनशे घरांचा प्रश्न आहे म्हणालो. ताईंनी दुसरा कागद लिहिला. 'सर्वत्र आढळणारी बुरशी. उगम सांगता येत नाही.' शाई वाळायच्या आत मी तो कागद उचलला.

मग शोकसभा झाली. इथंच, याच सभागृहात. मी याच जागी उभा राहिलो आणि मास्तरांच्या नाकाचं कौतुक केलं, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं, आणि शेवटी कारखान्यानं केलेल्या चौकशीतलं एक वाक्य वाचून दाखवलं. 'सुरक्षा साधनांच्या वापराबाबत दिवंगत कर्मचाऱ्याकडून दुर्लक्ष झाल्याचे आढळते.' वहिनी पहिल्या रांगेत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन मी पुन्हा तेच सांगितलं, जरा मऊ करून. "आम्ही फार सांगायचो हो त्यांना. ऐकायचेच नाहीत."

त्यानंतर माझं काय झालं? लोकांच्या दृष्टीनं काहीच नाही. बढती झाली. टाक्या आल्या, खोल्या बंद झाल्या. चार नंबरची खोली कागदपत्रं ठेवायला घेतली. तिच्या भिंती दर वर्षी पांढऱ्या करायचो आणि हवेत जरा ओल आली की पूर्वेकडच्या कोपऱ्यात काळे ठिपके उमटायचे. रंगारी म्हणायचा, "साहेब, मुळापासून खरवडलंय." मी त्याला पुन्हा पुन्हा खरवडायला लावायचो. शेवटी त्यानं कामच सोडलं.

निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. मग ती दोन वर्षं आली, जेव्हा सगळं जग तोंड झाकून फिरत होतं. भाजीवाला माझ्याशी बोलायला मास्क हनुवटीखाली ओढायचा. बँकेतली मुलगी ओढायची. माझा नातू ओढायचा, "आजोबा, ऐकू येतंय का?" आणि दर वेळी मला ते हलकं हसू दिसायचं आणि कानात यायचं, तुम्ही म्हणताय ना? माझी पत्नी विचारायची, "कुणाशी बोलताय?" मी म्हणायचो, "कुणाशी नाही." मी खरंच उत्तर देत असे. 'नाही मास्तर, नका काढू,' असं पुटपुटत असे. फळं सोलणं मी सोडलं. घरात पाव आणू देत नाही.

दीड महिन्यापूर्वी ताईंचा फोन आला. "कार्यभार सोपवतेय. जुन्या जातींच्या यादीवर तुमची सही लागेल." गेलो. फ्रीजमध्ये नळ्यांच्या ओळी, प्रत्येकीवर क्रमांक. यादी आणि नळ्या जुळवत गेलो. शेवटी एक नळी उरली. क्रमांक नाही, फक्त एकोणीस वर्षांपूर्वीची एक तारीख. ती तारीख मी कशी विसरेन?

मी विचारलं, "ही कोणती?"

ताई म्हणाल्या, "मास्तरांच्या छातीतली."

मी खुर्ची शोधली. त्या उभ्याच होत्या. म्हणाल्या, "दर तीन महिन्यांनी बदलतेय, एकोणीस वर्षं. टाकून द्यायला हात होईना. पहिल्यांदा वाटायचं, पुरावा आहे. तुम्ही कधीतरी बोलाल, तेव्हा लागेल. नंतर तुम्ही निवृत्त झालात. मग वाटायला लागलं, त्या माणसाच्या श्वासातलं एवढंच काय ते जिवंत उरलंय आणि तेही मी केलेलं. आता नव्या मुलीच्या हातात ही कशी देऊ? काय सांगून देऊ?"

ताई, तुमच्या सत्काराच्या भाषणात मी हे बोलतोय. पण चौतीस वर्षांतलं तुमचं सगळ्यात जड काम हे होतं, आणि ते कुठल्याही मानपत्रात लिहिलेलं नाही.

मी वहिनींकडे गेलो. त्या कपडे शिवतात, दुरुस्त करतात. मशीनवर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. मशीन मधेच थांबलं होतं, सुई कापडात रुतलेली. सुईकडेच पाहत वहिनी म्हणाल्या, "एकोणीस वर्षं मी यांच्याशी भांडतेय, साहेब. फोटोशी. का नाही लावलात म्हणून. माझा विचार का नाही केलात म्हणून. फोटो उलटा करून ठेवायचे रागानं. आणि ते बिचारे ऐकूनच घेत राहिले."

मी म्हटलं, "वहिनी, मला..."

"थांबा. हे मला घरात येऊन नका सांगू. जिथं त्यांना निष्काळजी म्हणालात, तिथं उभं राहून सांगा. माणसं असताना."

तुमच्या निरोपात हे बोलू का, असं मी ताईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. आज सकाळी सही केलेलं निवेदन अध्यक्षांच्या हाती दिलं, तेव्हा ते बिचारे म्हणाले, "सर, आजच्या दिवशीच हवं का हे?" त्यावर ताई म्हणाल्या, "निरोप माझा आहे ना? मग त्यात काय बोलायचं ते मी ठरवते." अध्यक्ष साहेब, तुम्ही मला रोखू शकला असता. रोखलं नाहीत. चौकशीच्या कागदांत हे निवेदन जोडायचं कबूल केलंत. मी आपला ऋणी आहे, आणि जी काही कारवाई होईल तिला हजर आहे.

गेल्या मंगळवारी ताईंनी वहिनींना प्रयोगशाळेत नेलं. मीही होतो, दाराशी. ताईंनी ती नळी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगाल ते करू."

वहिनींनी ती उजेडात धरली. "जिवंत आहे ही?"

"हो."

"काय खायला घालता?"

"बटाट्याचा अर्क. साखर."

वहिनींनी नळी पुन्हा ताईंच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "आता पुरे."

निर्जंतुक करायच्या वाफेच्या पात्रात नळी ठेवली. वीस मिनिटं लागतात. आम्ही तिघंही उभे होतो, कुणी बसलं नाही. नळी बाहेर निघाली तेव्हा आतलं सगळं करडं, मऊ झालं होतं. ताई ती टाकायला निघाल्या, तर वहिनी म्हणाल्या, "द्या इकडं, मी धुते." बेसिनपाशी उभ्या राहून त्यांनी नळी धुतली. ब्रश घालून, दोनदा, तीनदा. काच लख्ख झाली तशी ती उपडी ठेवली आणि हात पुसले. जाताना मी धीर करून विचारलं, "वहिनी, मला क्षमा कराल का?" त्या म्हणाल्या, "ते मी अजून ठरवलं नाही."

तर बंधू-भगिनींनो, मी इथं एकदा एक वाक्य वाचलं होतं. त्याच्या जागी आज दुसरं वाचतो. कृपया टाळ्या नकोत. 'चार नंबरच्या खोलीतले आमचे सहकारी नाकमास्तर यांनी कधीही निष्काळजीपणा केला नाही. मास्क काढायला मी सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.'

ताई, तुम्हाला निवृत्तीच्या मनापासून शुभेच्छा. तीन महिन्यांचं ते वेळापत्रक आता तुमच्या मागे नाही. सकाळी उशिरा उठा, लेकीकडे महिना-महिना राहा. संयोजकांचे, पाहुण्यांचे, आणि हे सगळं शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, दहा मिनिटांची वीस झाली असतील, तर तेवढं पोटात घाला.

बाकीचं पोटात घालू नका, एवढी हात जोडून विनंती करतो आणि खाली बसतो.